एक हॉटेल वाचवायचं आहे, राजेहो

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात हेन्री फोर्ड यांच्या नावाचं एक अवाढव्य म्युझियम आहे. मोटारी, विमानं, वाफेची इंजिनं असा सगळा लोखंडी संसार तिथं मांडून ठेवलाय. आणि या संसारात मधेच एक हॉटेल आहे. साधंसुधं, रस्त्याकडेचं. क्लोव्हिस लेमी नावाचा गडी दुसऱ्या महायुद्धावरून घरी परतला आणि १९४६ साली मॅसॅच्युसेट्समधल्या मार्लबरो गावी त्यानं ते थाटलं. अशा हॉटेलांना तिकडे डायनर म्हणतात. लांबोडका डबा, आत आडवा ओटा, ओट्यासमोर गोल स्टुलं आणि ओट्यापलीकडे अंडी तळणारा माणूस. म्युझियमनं १९८४ मध्ये हा डबा विकत घेतला, मिशिगनला आणला आणि डागडुजी करून पुन्हा १९४६ सालचा केला. बरीच वर्षं लोक तो नुसता बघून जात. २०१२ पासून तिथं खायलाही मिळू लागलं.

नुसतं बघायचं हॉटेल ही कल्पना आम्हा नागपूर-छिंदवाडा रस्त्यावरच्या, सौंसर-रामाकोन्याकडच्या लोकांना काही नवी नाही. दुपारी दोननंतर आमच्याकडची बरीच हॉटेलं तशीच असतात. भट्टी थंड, कढई पालथी, मालक बाकड्यावर आडवा. "काय आहे?" विचारलं तर डोळे न उघडता उत्तर येतं, "सकाळी होतं जी."

फरक एवढाच की आमच्या हॉटेलांना अजून कोणी म्युझियममध्ये नेलेलं नाही. नेलंच तर अतिक्रमणवाले नेतात.

या डायनरचं मूळ शोधत गेलं तर गंमत आणखी वाढते. १८७२ साली प्रॉव्हिडन्स शहरात वॉल्टर स्कॉट नावाच्या माणसानं घोडागाडीतून रात्री खाणं विकायला सुरुवात केली. वर्तमानपत्राच्या छापखान्यात रातपाळी करणाऱ्यांना त्या वेळी बाहेर काही मिळत नसे. हा गाडीत बसून खिडकीतून पाव, 'पाय' नावाचा तिकडचा भाजलेला पदार्थ आणि कॉफी द्यायचा. बस, एवढंच. त्या गाडीची पुढे खोली झाली, खोलीचा कारखान्यात तयार होणारा डबा झाला, डब्याचा इतिहास झाला, इतिहासावर पुस्तकं झाली. आपल्याकडे असल्या गाडीला ठेला म्हणतात आणि नगरपालिकेची माणसं आली की तो मालकासकट गल्लीत पळतो. दीडशे वर्षं आपल्याकडचे वॉल्टर स्कॉट पळतायत. एका जागी उभं राहू दिलं असतं तर इतिहास झाला असता की नाही?

नागपूर-छिंदवाडा रस्त्यानं निघालं की सावनेर लागतं, केळवद लागतं, राज्याची हद्द ओलांडली की सौंसर आणि मग रामाकोना. पुढे सिल्लेवानीचा घाट. घाट म्हटला की आधी गाडीला पाणी आणि ड्रायव्हरला चहा हा नियम कोणत्याही वाहतूक खात्यानं केलेला नाही, पण तोच एक नियम या रस्त्यावर कसोशीनं पाळला जातो. त्यामुळे अशा गावात रस्त्याकडेला जुनं हॉटेल असणं ओघानंच आलं.

ते कसं असतं, हे या भागातल्या माणसाला सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. पुढे पत्र्याचा छप्पर-उतार, त्याखाली मातीची भट्टी. भट्टीवर कढई. कढईतल्या तेलाच्या वयाबद्दल मी बोलत नाही, ते पुरातत्त्व खात्याचं काम. शेजारी काचेचं कपाट. त्याच्या तीन काचा शाबूत असतात आणि चौथीच्या जागी मागच्या वर्षीचं कॅलेंडर. कपाटात आलूबोंडे, सांबारवडी, एका परातीत शेव. माश्या बाहेर बसू नयेत म्हणून कपाटाचं दार लावलेलं असतं, त्यामुळे त्या आत सुखरूप असतात. पलीकडे पोह्यांचं पातेलं आणि त्याच्या बाजूला तर्रीचं. पोह्यांवर चण्याची लालभडक तर्री ओतताना मालक गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघतो. गिऱ्हाईक नागपूरकडचं असलं तर पळी बुडापर्यंत जाते, पुण्याकडचं असलं तर वरच्या वर फिरते.

आत दोन बाकडी. एका बाकड्याला तीन पाय आणि एक वीट. या विटेला कोणी हात लावत नाही. मालकाचे वडील होते तेव्हापासून ती तिथं आहे आणि हॉटेलचा सगळा तोल तिच्यावर आहे असं म्हणतात. एकच वर्तमानपत्र येतं, त्याची चार पानं चार माणसं वाचतात. त्यामुळे गावातल्या एका माणसाला फक्त क्रिकेट ठाऊक असतं, दुसऱ्याला फक्त अपघात, तिसऱ्याला राशिभविष्य. चौथ्याच्या वाट्याला निविदा-सूचना येतात आणि तो पुढे ठेकेदार होतो.

आता धरून चाला की असलं एक हॉटेल १९४०च्या सुमाराला रामाकोन्याला सुरू झालं. मालकानं पाटी रंगवून घेतली. त्या वेळी पत्ता होता सीपी अँड बेरार. १९५० मध्ये प्रांताचं नाव मध्य प्रदेश झालं, राजधानी नागपूरच राहिली. मालकानं प्रांताचं नाव खोडून नवं लिहिलं. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा इकडेच राहिला आणि राजधानी गेली भोपाळला. मालकानं या वेळी रंगारी बोलावला नाही, कारण राज्याचं नाव तेच होतं, फक्त त्याचा अर्थ बदलला होता. मग ५ ऑक्टोबर २०२३ ला पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला, सौंसर तहसील त्यात गेली आणि 'जि. छिंदवाडा' वर पुन्हा ब्रश फिरला. म्हणजे हॉटेल जागचं तसूभर हललं नाही आणि त्यानं राजधानी बदलली, जिल्हा बदलला, प्रांत बदलला. भल्याभल्या पुढाऱ्यांना एका जन्मात एवढं जमत नाही.

या सगळ्यात गिऱ्हाईक मात्र मराठीतच चहा मागत राहिलं आणि मालक हिंदीत बिल देत राहिला. बिल म्हणजे तोंडी. "दो चाय, एक आलूबोंडा, आन् मागचे बारा."

रेल्वेनंही या भागाला एक धडा दिलाय. नागपूर-छिंदवाडा छोटी लाइन, म्हणजे नॅरोगेज, शंभराहून जास्त वर्षं या गावांमधून धावली. धावली हा शब्द मी आदरानं वापरतोय. २०१५च्या अखेरीस ती बंद झाली, रूळ उखडले, ब्रॉडगेज आली. नॅरोगेजच्या इंजिनांसाठी नागपूरला मोतीबागेत म्युझियम आहे, ते २००२ मध्येच झालं. तिथं इंजिन आहे, डबे आहेत, कंदील आहेत, घंटा आहे. त्या इंजिनाच्या ड्रायव्हरला पहाटे चहा पाजणारं स्टेशनाबाहेरचं हॉटेल मात्र त्यात कुठं नाही. आता तुम्हीच सांगा, कोळशावर चालायचं ते इंजिन, पण ड्रायव्हर कशावर चालायचा?

तर हे हॉटेल वाचवायचं. अजून धरून चाललोय आपण. रस्ता रुंद होणार, छपराच्या उतारावर लाल खूण पडली, मालक म्हातारा झाला, पोरगा पिथमपूरला कंपनीत. गावानं ठरवलं की आता हे वाचवायलाच पाहिजे. समिती होणार.

पहिली सभा त्याच हॉटेलात होईल, कारण फुकट जागा दुसरी नाही. चौदा माणसं चौदा चहा पितील आणि समितीच्या नावावर लिहायला सांगतील. समिती त्या क्षणी अस्तित्वात येईल. कोणतीही संस्था आपल्याकडे आधी उधारीत जन्मते आणि मग रजिस्टर होते. सभेचा ठराव हिंदीत लिहिला जाईल आणि भांडण मराठीत होईल, हे तर हद्दीवरच्या गावांचं वळणच आहे.

रिटायर्ड गुरुजी उठतील. त्यांचं म्हणणं असेल की आधी इतिहास लिहून काढा. स्वातंत्र्यचळवळीतले कोणीतरी या बाकड्यावर बसलेच असणार. कोण बसलं, हे नंतर ठरवता येईल. मालकाला विचारलं तर तो म्हणेल, "बसले असतीन जी. पैसे दिल्याचं आठवत नाही, म्हणजे मोठेच कोणी असतीन."

मग उठेल पुण्याला नोकरी करणारा गावचा इंजिनिअर पोरगा. तो लॅपटॉप उघडून एक चित्र दाखवेल. त्यात हॉटेल नसेल. काचेची भिंत, वर हिरवळ, एका बाजूला बैलगाडीचं चाक, आणि कोपऱ्यात भट्टी, पण ती विजेवर. "ओरिजिनल फील ठेवलाय," असं तो म्हणेल. सेल्फी पॉइंट नेमका तिथं असेल, जिथं आज ती वीट आहे.

ठेकेदार चित्र न बघता म्हणेल की टाइल्स घेऊन टाकू, माझ्याकडे पंचायत भवनातल्या उरल्या आहेत. पुढारी म्हणतील की आधी कोनशिला बसवू, बाकीचं होत राहील. कोनशिलेवरची नावं ठरवताना सभा तीन वेळा तहकूब होईल. दगड मार्बलचा असावा यावर मात्र एकमत.

या सगळ्या गदारोळात मालकाला शेवटी कोणीतरी विचारेल, "काकाजी, तुमाले काय पाह्यजे?"

काकाजी म्हणतील, "एक फ्रीज पाह्यजे. आन् वरती सनमायका."

इथं वाचवणाऱ्यांची पंचाईत होते. जगभर होते. ज्याचं जुनं असतं त्याला नवं पाहिजे असतं आणि ज्याचं नवं असतं त्याला जुनं. कोणत्याही मोठ्या शहराबाहेरच्या रस्त्यावर बघा. फॅमिली ढाबा निघतो. मालक लाखो रुपये घालून सिमेंटच्या भिंतीला मातीचा रंग देतो, त्यावर वारली चित्रं काढतो, ज्या भागात वारली समाज नाही त्या भागातसुद्धा. कंदील टांगतो, त्यात एलईडी. खाटा टाकतो, त्यावर कोणी निजू नये म्हणून पाटी लावतो. दारात बैलगाडी उभी करतो आणि ती हलू नये म्हणून चाकं सिमेंटमध्ये बसवतो. बरोबर समोर, रस्त्याच्या पलीकडे, खऱ्या मातीच्या भिंतीचं, खऱ्या कंदिलाचं हॉटेल असतं. त्याचा मालक रोज रात्री इकडच्या रोषणाईकडे बघतो आणि मनात म्हणतो, आपल्याकडे पण असे दिवे पाहिजे होते. दोघंही एकमेकांवर जळतात, आणि गिऱ्हाईक दोघांच्या मधे गाडी उभी करून घरचा डबा खातं.

बरं, खरी डागडुजी कोणी करतं का? करते की. मालकीणबाई करते, आणि तिला कोणत्याही समितीनं सांगितलेलं नसतं. दिवाळीच्या आधी काही दिवस हॉटेल बंद असतं. आदल्या रात्री तिनं चुन्याचे खडे ड्रममध्ये भिजत टाकलेले असतात. सकाळी त्यात चिमूटभर नीळ आणि थोडा डिंक. शिंदीचा कुंचा ठेचून मऊ केलेला. भिंतीवरून पहिला हात फिरतो तेव्हा रंग दिसतच नाही, नुसती ओल दिसते. वाळला की भिंत एकदम पांढरी होते आणि डोळ्यावर येते. भट्टीसाठी पांढरी माती, शेण आणि गव्हाचा भुसा पायानं तुडवून घेतात. भुसा कशाला, तर माती तापून तडकू नये म्हणून. जिथं जिथं भट्टीला भेग गेली आहे तिथं ती बोटानं लगदा दाबून भरते, आणि वरून ओल्या तळव्यानं गोल गोल फिरवत सारवते. तोंडाशी जरा जाडसर थर, कारण लाकडाचा घाव तिथंच बसतो. मग दोन दिवस मंद आच. तिसऱ्या दिवशी भट्टी पुन्हा कामाला तयार. परदेशात याला खास शिकलेली माणसं लागतात आणि मूळचेच पदार्थ, मूळचीच पद्धत वापरली म्हणून त्यांचं कौतुक होतं. आमच्याकडे तिला नवरा म्हणतो, "झालं का सारवून? चहा टाक."

समितीतला इंजिनिअर दिवाळीनंतर येईल आणि डोक्याला हात लावेल. पन्नास वर्षांची काजळी होती हो भिंतीवर! तोच तर खरा वारसा! बाईनं एका सकाळीत वारसा धुऊन टाकला. ती म्हणेल, "काजळीच पाह्यजे होती का? पोळ्यापर्यंत थांबा, होते परत."

तर वाचवण्याचे प्रकार असे असतात. मुंबईनंही यातले बरेच करून पाहिले. धोबी तलावला बस्तानी नावाचं इराणी हॉटेल होतं. तिथल्या भिंतीवरच्या सूचना इतक्या प्रसिद्ध की निस्सिम इझिकेल यांनी त्यावर इंग्रजीत कविता केली. कविता राहिली, हॉटेल २००४ मध्ये बंद पडलं. समोरचं १९०४ सालचं कयानी मात्र पुढेही चालत राहिलं, बहुधा त्याच्यावर कोणी कविता केली नाही म्हणून. कवींनी रागावू नये, पण हॉटेलवर कविता होऊ लागली की मालकानं सावध व्हावं असं माझं स्पष्ट मत आहे.

ग्रँट रोड स्टेशनबाहेर बी. मेरवान, १९१४ सालचं. २०१४ मध्ये, शंभरी भरताना, ते बंद होणार अशी बातमी आली. त्यासरशी सगळी मुंबई मावा केक घ्यायला धावली. गर्दी एवढी की केक सकाळीच संपायचे. लोक गहिवरून सांगत होते की आमचं बालपण इथं गेलं, आजोबा इथं आणायचे. इतकी सगळी बालपणं तिथं गेली होती तर मधली वर्षं ही मंडळी कुठं गेली होती, हे विचारायची ती वेळ नव्हती. पुढे हॉटेल पुन्हा उघडलं आणि गहिवर ओसरला. माणूस काय, हॉटेल काय, आपल्याकडे जिवंतपणी भेटायला कोणी येत नाही. बाराव्याला पंगत उठते.

आणि याच्यावर कडी म्हणजे लंडन. इकडे इराणी हॉटेलं एकामागून एक मिटत होती, तेव्हा २०१० मध्ये लंडनच्या कोव्हेंट गार्डन भागात डिशूम नावाचं हॉटेल निघालं, हुबेहूब मुंबईच्या इराणी हॉटेलाच्या धर्तीवर. तसे आरसे, तशा खुर्च्या, तसा चहा. बाहेर गोऱ्या लोकांची रांग. आपल्या गल्लीतलं हॉटेल आपण खात नाही म्हणून बंद पडतं, आणि तेच तिकडे साहेबाच्या गावात उभं राहतं, मग आपण विमानानं जाऊन त्या रांगेत उभे राहतो आणि फोटो पाठवतो की बघा, अगदी आपल्यासारखं आहे. उद्या कोणी लंडनमध्ये तीन पायांचं बाकडं आणि वीट मांडली तर रामाकोन्याचे लोक व्हिसा काढतील.

एक हॉटेल मात्र खरोखर वाचलं, आणि त्याची गोष्ट मला फार आवडते, कारण तिच्यात समिती नाही. म्हणजे आहे, पण चहा देणाऱ्यांची आहे. इंडिया कॉफी हाऊस. १९३६ मध्ये मुंबईत पहिलं उघडलं, मग देशभर पसरलं, कॉफी बोर्डानं चालवलं. १९५७च्या सुमाराला बोर्डानं ती बंद करायला घेतली. वेटर, स्वयंपाकी, सगळे रस्त्यावर. त्यावर कम्युनिस्ट पुढारी ए. के. गोपालन यांनी सुचवलं की कामगारांनीच ती चालवायला घ्यावीत. वेटरांनी सोसायट्या काढल्या. बंगळूरला निघाली, केरळात निघाली, आणि आपल्या बाजूला जबलपूरला निघाली. तीच जबलपूरची सोसायटी, जिची कॉफी हाऊसं मध्य प्रदेशात गावोगावी दिसतात. नागपूरला सदरमध्ये कॉफी हाऊसात कोणी बसलं नाही असा जुना नागपूरकर शोधून दाखवा.

इतिहासाच्या नावानं कोणी तिथं कंदील टांगला नाही, भिंतीला मातीचा रंग दिला नाही. वेटरच्या डोक्यावरचा फेटा आणि त्याचा कडक इस्त्रीचा तुरा तेवढा राहिला, आणि तोही शोभेसाठी नाही, युनिफॉर्म आहे म्हणून. आत डोसा तसाच, कटलेट तसंच, कॉफी तशीच. आणि वेटर गिऱ्हाइकाकडे अशा नजरेनं बघतो की, बाबा रे, मी मालक आहे, तू तासभर एका कॉफीवर बसलायस, पण बस. पन्नाशीतल्या सगळ्या कवी, पत्रकार आणि वकिलांनी त्या नजरेखाली वर्षं काढली. ते हॉटेल वाचलं ते यांच्यामुळे नव्हे, हे मी शपथेवर सांगेन. एका कॉफीवर तासभर बसणाऱ्यांच्या जिवावर कोणी वाचत नाही. ते वाचलं ते ज्यांची चूल त्यावर पेटत होती त्यांनी वाचवलं म्हणून.

सरकार वाचवील, असं समितीला वाटतं. सरकारचं असं आहे की १९५८चा प्राचीन स्मारकांचा कायदा म्हणतो, वास्तू किमान शंभर वर्षांची हवी. म्हणजे शंभर वर्षं तुम्ही आपल्या बळावर उभे राहा, पावसात, वाऱ्यात, रस्तारुंदीत, उधारीत. शंभराव्या वर्षी जिवंत असाल तर आम्ही विचार करू. मातीच्या भिंतीचं आणि पत्र्याच्या छपराचं हॉटेल शंभर वर्षं टिकलं तर त्याला संरक्षणाची काही गरज उरली नाही, असंच समजायचं. अमेरिकेत साधारण पन्नास वर्षं पुरतात. कधीकधी तेवढीही लागत नाहीत. ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेट गावी मॉडर्न डायनर आहे, १९४१ सालचं, आगगाडीच्या इंजिनासारखं पुढं निमुळतं. १९७८ मध्ये ते राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत गेलं, आणि तसं जाणारं ते देशातलं पहिलं डायनर. त्या वेळी त्याचं वय सदतीस. आमच्याकडे सदतीस वर्षांच्या हॉटेलाला नवीनच म्हणतात. "तुकाराम गेल्यावर त्याच्या पोरानं काढलं ना, ते नवीन हॉटेल."

आता मी आपल्या कल्पनेतल्या समितीला माझ्या परीनं सुचवलं असतं ते सांगतो. भट्टी काकीला सारवू द्या. सनमायका बसवायचा तर बसवा, टेबल पुसायला सोपं जातं. फ्रीज द्या, उन्हाळ्यात दूध नासतं. एकोणीस किलोचं गॅस सिलिंडर घ्यायचं तर घेऊ द्या. धुरात पन्नास वर्षं डोळे चोळणाऱ्या माणसाला, धूर हा तुमचा सांस्कृतिक ठेवा आहे, असं सांगायला जायचं असेल तर आधी एक आठवडा त्या भट्टीसमोर बसून दाखवा. पाटीवर पुन्हा रंग द्यायचा तर जिल्ह्याचं नाव पेन्सिलीनं लिहा, आपल्याकडे सांगता येत नाही. वीट काढू नका. ती भावनेचा भाग नाही, बाकडं पडेल.

आणि समितीच्या नावावर जे चौदा चहा झाले त्यांचे पैसे आधी द्या. कोनशिला बसवताना जे पन्नास झाले त्यांचेही. उद्घाटनाला येणारे पाहुणे, त्यांचे ड्रायव्हर, ड्रायव्हरांबरोबर आलेले, फोटोवाले, या सगळ्यांनी खाल्लेल्या पोह्यांचे पैसे द्या. एवढे दिलेत तर हॉटेल वाचवायची वेगळी योजना लागणार नाही. हॉटेल पडतं ते रस्तारुंदीनं नाही, बायपासनंही नाही. बायपास झाला तरी ट्रकवाला तर्रीसाठी वाट वाकडी करून येतो. हॉटेल पडतं ते त्या वहीमुळे, जिच्यात प्रत्येक पानावर 'नंतर देतो' लिहिलंय आणि खाली सही गावातल्या सगळ्यात मानाच्या माणसाची.

तेव्हा, वाचकहो, सिल्लेवानीच्या घाटाआधी, किंवा आपापल्या रस्त्यावरच्या अशा कुठल्याही हॉटेलासमोर, गाडी थांबवाल तेव्हा एवढं करा. फोटो नंतर काढा. आधी पोहे मागवा, तर्री बुडापासून घ्या, चहा पुरा सांगा, कट नको. आणि निघताना खिशात हात घालून रोख द्या, सुट्टे द्या, मागचे असतील तर तेही.